श्रेय कोणाच्या पदरात? ‘रिडाउंड’ हे क्रियापद वापरताना

पाणलोटाच्या कामासाठी गाव एखाद्या कंपनीकडे सामाजिक निधी मागते, तेव्हा प्रस्ताव इंग्रजीत लागतो. महाविद्यालयाला मूल्यांकनासाठी ‘नॅक’पुढे अहवाल ठेवायचा असतो, तोही इंग्रजीत. परदेशी विद्यापीठात प्रवेश मागणारी मुलगी आपण आजवर काय केले ते दोन पानांत लिहून पाठवते. या सगळ्या लिखाणात एक जागा हमखास येते. केलेल्या कामाचे फलित काय, ते तिथे सांगावे लागते. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, असे मसुदे तयार करणारी माणसे आता तालुक्यातालुक्यात आहेत. पाण्याची कामे, दूधसंस्था, पतसंस्था, शिक्षणसंस्था, बचत गट यांची इथे दाटी आहे आणि प्रत्येकाला कोणापुढे तरी हिशेब मांडावा लागतो. फलित सांगायच्या त्या जागी बहुतेक जण ‘रिझल्ट’ लिहितात. काहींना तो साधा वाटतो. मग शब्दकोशातून किंवा एखाद्या जुन्या अहवालातून ‘रिडाउंड’ उचलला जातो, आणि दहातल्या आठ वेळा तो चुकीच्या जागी बसतो.

शब्द चांगला आहे. नेमका वापरला तर तो एका वाक्यात पुष्कळ काही सांगतो. म्हणून त्याचा अर्थ, त्याची घडण आणि त्याच्या शेजारची क्रियापदे आपल्याच जिल्ह्यातल्या उदाहरणांवरून नीट पाहू.

‘रिडाउंड’ म्हणजे एखाद्या कृतीचे फळ अखेर कोणाच्या तरी पदरात पडणे. नुसता परिणाम होणे नव्हे. पाऊस झाला आणि रस्ता वाहून गेला, यात परिणाम आहे, पण तिथे हे क्रियापद चालणार नाही. गावाने वर्षानुवर्षे कुऱ्हाडबंदी पाळली आणि त्यातून गावाचा लौकिक वाढला, इथे मात्र ते चपखल बसते. पहिल्या वाक्यात घटनेमागून घटना आली. दुसऱ्यात एक वागणूक आहे आणि त्या वागणुकीचे फळ घेणारा कोणीतरी आहे. हा फळ घेणारा सापडत नसेल तर ‘रिडाउंड’ लिहू नका.

मराठीत यासाठी एकच एक शब्द नाही, पण आपण ही गोष्ट रोज बोलतो. भूषणावह ठरणे, लौकिकात भर पडणे, हिताचे ठरणे ही चांगली बाजू. अंगलट येणे, अंगाशी येणे ही वाईट बाजू. पुष्कळ विद्यार्थी ‘पथ्यावर पडणे’ हा प्रतिशब्द सुचवतात. तो जवळचा आहे, पण त्यात योगायोगाची छटा आहे. दुसऱ्याचे भांडण आपल्या पथ्यावर पडते, त्यात आपली काही करणी नसते. ‘रिडाउंड’मध्ये योगायोग असू शकतो, पण असायलाच हवा असे नाही. उलट बहुतेक वेळा आपल्याच करणीचे फळ आपल्याकडे परत येण्याचा भाव त्यात असतो.

हा ‘परत येण्याचा’ भाव शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिनमध्ये ‘उंदा’ म्हणजे लाट. लाट परत फिरणे, पाणी भरून बाहेर वाहणे, अशा अर्थाचे क्रियापद तिच्यापासून झाले, ते फ्रेंचमधून इंग्रजीत आले. गरजेपेक्षा जास्त या अर्थाचा ‘रिडंडंट’ हा शब्दही याच कुळातला, काठावरून सांडून गेलेला. १६११ मध्ये छापलेल्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, देवाच्या गौरवाच्या संदर्भात हे क्रियापद आले आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले, तेव्हा तिथल्या पाद्र्यांच्या रोजच्या वाचनातले इंग्रजी याच भाषांतराचे होते. तेव्हाही ते गंभीर प्रसंगाचे क्रियापद होते आणि आजही आहे. इंग्रज माणूस चहाच्या टेबलावर ते वापरत नाही. निकालपत्र, अहवाल, मानपत्र, अग्रलेख, मृत्युलेख ही त्याची ठिकाणे.

आता घडण. हे क्रियापद अकर्मक आहे. म्हणून ‘रिडाउंडेड द व्हिलेज’ असे होत नाही आणि त्याचा कर्मणी प्रयोगही होत नाही. त्याच्यापुढे जवळजवळ नेहमी ‘टू’ येते. ‘टू’नंतर भाववाचक नाम: क्रेडिट, ऑनर, ग्लोरी, बेनिफिट, अॅडव्हान्टेज, किंवा उलट बाजूने डिसक्रेडिट, शेम. त्यानंतर ‘ऑफ’ आणि फळ घेणाऱ्याचे नाव. ते नाव आधीच येऊन गेले असेल तर ‘इट्स’, ‘हर’, ‘देअर’ पुरते. पूर्ण वाक्य असे दिसते: ‘द डिसिप्लिन ऑफ द व्हिलेज हॅज रिडाउंडेड टू इट्स क्रेडिट.’ गावाने पाळलेली शिस्त गावाच्या लौकिकाला कारण झाली.

कर्त्याच्या जागी माणूस येत नाही, ही गोष्ट सर्वांत जास्त चुकते. ‘सरपंच रिडाउंडेड’ हे वाक्य होत नाही. सरपंचाचा निर्णय, त्याचा संयम, त्याने घेतलेले कष्ट, यांपैकी काहीतरी कर्ता हवे. फळ माणसाला मिळते, पण ते ज्याचे असते ती कृती किंवा तो गुण असतो.

‘रिडाउंड इन’ ही दुसरी नेहमीची चूक. ‘रिझल्ट इन’ तोंडात बसलेले असते, त्याचा ‘इन’ इथे येऊन चिकटतो. तो काढून टाका.

आणखी एक सावधगिरी आपल्याच भागातली. सहकारी पतसंस्थांच्या या जिल्ह्यात ‘क्रेडिट’ म्हटले की डोळ्यांपुढे कर्ज आणि पत येते. इथे त्याचा अर्थ श्रेय. एखाद्या दूधसंस्थेच्या अहवालात तिचा काटेकोर हिशेब ‘रिडाउंड्स टू इट्स क्रेडिट’ असे लिहिले असेल, तर तिला कर्ज मिळाले असे नव्हे, तिला शाबासकी मिळाली असे समजायचे.

उच्चार ‘साउंड’, ‘राउंड’ यांच्या यमकाचा, आघात दुसऱ्या अवयवावर. ‘रिबाउंड’शी गल्लत करू नका. चेंडू भिंतीवर आपटून परत येतो तो रिबाउंड. दोन्हींत परत येणे असल्यामुळे जुन्या लेखकांनीही कधी एकाच्या जागी दुसरे वापरले आहे, पण आज ते वेगळे ठेवलेले बरे.

काळाचाही विचार करावा लागतो. फायदा होऊन गेला, गोष्ट संपली, तर साधा भूतकाळ. श्रेय आजही टिकून असेल तर वर्तमान किंवा पूर्ण वर्तमान. चांदबिबीचे उदाहरण घ्या. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला. चांदबिबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून काढला. १५९६ मध्ये तह झाला, वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला, पण नगर वाचले. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला. तेव्हा तिच्याच लोकांनी तिला ठार केले आणि किल्ला पडला. हे इंग्रजीत लिहिताना एकच क्रियापद सगळीकडे फिरवले तर लिखाण सपाट होते. वेढा तहात संपला, तिथे ‘कल्मिनेटेड इन’ घ्या. तिच्या हत्येमागोमाग किल्ला पडला, तिथे साधे ‘फॉलोड’ पुरे. आणि तिने केलेला बचाव आज चारशे वर्षांनीही तिचा सन्मान वाढवतो, तिथे वर्तमानकाळात लिहा: ‘हर डिफेन्स ऑफ द फोर्ट रिडाउंड्स टू हर ऑनर.’ किल्ला हातातून गेला तरी हे वाक्य खरे राहते. परिणाम वाईट झाला आणि श्रेय तरीही मिळाले, हे ‘रिझल्ट’ला सांगता येत नाही. ‘रिडाउंड’ ते सांगते, आणि या शब्दासाठी थोडी मेहनत घ्यावी असे मला वाटते ते याच कारणाने.

त्याच किल्ल्यातला दुसरा प्रसंग. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना पकडले आणि कार्यकारिणीतल्या बहुतेकांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. लोकांपासून त्यांना तोडावे, हा सरकारचा हेतू. पंडित नेहरूंनी तिथे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे त्याच भिंतींआड लिहिली गेली. दोन्ही पुस्तके १९४६ मध्ये बाहेर आली. इथे एकाची कृती आणि फळ दुसऱ्याच्या पदरात, असा प्रकार आहे. कर्ता आहे सरकारने घातलेला तुरुंगवास. लाभ कोणाचा? वाचकांचा, भारतीय साहित्याचा. म्हणून ‘द इम्प्रिझनमेंट रिडाउंडेड टू द बेनिफिट ऑफ इंडियन लेटर्स’ हे वाक्य शुद्ध आहे आणि अर्थाने नेटके आहे. याच कृतीची दुसरी बाजू सांगायची असेल तर शेवट बदलतो: ‘टू द डिसक्रेडिट ऑफ द गव्हर्नमेंट.’ केलेले पाप करणाऱ्यावरच उलटले असे सांगायचे असेल तर ‘टू’ऐवजी ‘अपॉन’ किंवा ‘ऑन’ येते, पण ही रचना आता जुनी वाटते. तिचा वापर मोजकाच करा.

या शब्दाची खरी कसोटी मात्र पाण्याच्या लिखाणात लागते, आणि आपल्या जिल्ह्यात इंग्रजी प्रस्तावांचा मोठा भाग पाण्याविषयीच असतो.

हिवरे बाजार नगर तालुक्यातले, पर्जन्यछायेतले गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर १९९० च्या दशकात तिथे काम उभे राहिले. डोंगरउतारावर समतल चर खणले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांचे नियम ग्रामसभेने घातले, शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत असे ठरवले. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि कोणती पिके घ्यायची ते त्यावरून ठरते. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आता याचे फलित एका इंग्रजी वाक्यात लिहायचे आहे. बहुतेक मसुद्यांत हे वाक्य ‘पोपटराव’ने सुरू होते. ते चूक नाही, पण ‘रिडाउंड’ वापरायचे तर कर्ता शोधावा लागतो आणि शोधताना विचार करावा लागतो. फळ कोणत्या कृतीचे? चर खणल्याचे की विंधनविहिरी नाकारल्याचे? चर पुष्कळ गावांनी खणले. जमिनीत मुरलेले पाणी उपसून संपवायचे नाही, हा निर्णय पाळणारी गावे थोडी. मग वाक्य असे होईल: ‘द ग्रामसभाज रिफ्यूजल टु परमिट बोअरवेल्स फॉर इरिगेशन हॅज रिडाउंडेड टू द बेनिफिट ऑफ द होल व्हिलेज.’ कर्ता ग्रामसभेचा नकार आहे आणि लाभ सगळ्या गावाचा. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला या एका वाक्यात कामाचे मर्म कळते.

लाभ कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी इतका सरळ सुटत नाही. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. धरण अकोले तालुक्याच्या डोंगरात, आदिवासी गावांच्या शेजारी. कालव्यांचे पाणी मुख्यतः खालच्या सपाटीला, जिथे पुढे ऊस उभा राहिला आणि १९५० मध्ये लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कोणी लिहिले की धरण ‘रिडाउंडेड टू द बेनिफिट ऑफ द डिस्ट्रिक्ट’, तर व्याकरण बरोबर आहे, पण विधान ढिले आहे. जिल्हा म्हणजे कोण? ‘ऑफ’नंतर ‘द कॅनल व्हिलेजेस डाउनस्ट्रीम’ लिहा, वाक्य खरे होईल. मग पुढच्या वाक्यात वरच्या गावांना काय मिळाले, काय मिळाले नाही, हे लिहिण्याची जबाबदारी आपोआप येते. अहवालांत ‘सोसायटी’, ‘पीपल’, ‘स्टेकहोल्डर्स’ हे शब्द लाभ घेणाऱ्याच्या जागी येतात, तेव्हा मला काळजी वाटते. ज्याला मिळाले त्याचे नाव झाकले की ज्याला मिळाले नाही तोही झाकला जातो. पाण्याच्या बाबतीत ही झाकपाक कोणाच्या तरी कोरड्या विहिरीवर जाऊन थांबते.

शेजारची क्रियापदे आता थोडक्यात, कारण अर्धी चूक निवडीत होते.

‘लीड टू’ आणि ‘रिझल्ट इन’ यांत कार्यकारणभाव आहे, मूल्यनिर्णय नाही. तुमच्या नव्वद टक्के वाक्यांना ही दोन पुरतात आणि त्यांत काही कमीपणा नाही. ‘एन्सू’ म्हणजे मागोमाग येणे. गोंधळ, वाद, चर्चा यांना ते शोभते. त्याच्यापुढे कर्म येत नाही. ‘कल्मिनेट इन’ हे लांब चाललेल्या प्रयत्नाचा कळस सांगते. शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करण्यासाठी गावोगाव झालेली वणवण प्रवरेच्या कारखान्यात कळसाला पोचली, तिथे ते हवेच. पण चार दिवसांच्या शिबिराला ‘कल्मिनेट’ लावू नका, कळस चढवायला आधी देऊळ लागते. ‘अक्रू’ म्हणजे हळूहळू साचत जाणे. पतसंस्थेतल्या ठेवीवरचे व्याज अक्रू होते, तसे हक्क आणि फायदेही. ‘इव्हेंच्युएट’ शब्दकोशात आहे, पण ते वापरून कोणाचे लिखाण सुधारलेले मी पाहिलेले नाही.

‘कॉन्ट्रिब्यूट टू’कडे मात्र जरा थांबू. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात आंदोलने केली. राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. स्पर्धा परीक्षेच्या निबंधात मुले लिहितात की या आंदोलनाने केंद्राचा कायदा ‘रिझल्ट’ झाला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने खेड्यापाड्यांत घेतलेल्या जनसुनवाया या वाक्यातून पुसल्या जातात. ‘कॉन्ट्रिब्यूटेड टू’ लिहिले की अण्णांचा वाटा कमी होत नाही आणि इतरांचा नाकारला जात नाही. परीक्षकाला असे वाक्य जास्त आवडते, कारण त्यामागचे वाचन त्याला दिसते.

आता लिहिण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट: वाचणे. सरकारी आणि न्यायालयीन इंग्रजीत हे क्रियापद नकारार्थी आले की सांभाळा. ‘डज नॉट रिडाउंड टू द क्रेडिट ऑफ द इन्स्टिट्यूशन’ असे तपासणी अहवालात किंवा निकालात लिहिलेले असेल, तर ती नुसती ‘श्रेय मिळत नाही’ अशी सौम्य नोंद नव्हे. सभ्य भाषेत ओढलेला तो कडक ताशेरा आहे: संस्थेला हे शोभणारे नाही. काही संस्थाचालक असा शेरा वाचूनही पुढच्या बैठकीत ‘विशेष काही नाही’ असे सांगतात, कारण शब्दाचा सूर त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो. उत्तर द्यायची मुदत निघून जाते. अशा शेऱ्याला मुद्देसूद लेखी खुलासा द्यावा आणि काय सुधारले ते तारखेसह लिहावे.

कायद्याच्या कागदांत याचाच एक भाऊबंद भेटतो, ‘इन्यूर’. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांसाठी जमिनी भाडेपट्ट्याने देण्याचे इंग्रजी करार आता गावात येतात. त्यांच्या शेवटी बहुधा एक ठरावीक कलम असते: हा करार दोन्ही पक्षांच्या वारसांवर आणि हस्तांतरितांवर बंधनकारक राहील आणि त्यांच्या लाभासाठी ‘इन्यूर’ होईल. अर्थ असा की तुमच्या पश्चात तुमची मुले भाड्याची हक्कदार राहतील, पण अटीही त्यांच्यावर येतील. आणि कंपनीने आपला हक्क दुसऱ्या कंपनीला विकला तर ती नवी कंपनी तुमच्यापुढे त्याच कराराने उभी राहील. ‘लाभासाठी’ हा शब्द ऐकून सही करू नका. लाभ दोन्हीकडचा आहे, बंधनही दोन्हीकडचे आहे. कराराचे मराठी भाषांतर मागा आणि आपल्या वकिलाकडून हे कलम समजून घ्या.

परत आपल्या मसुद्याकडे. खालचे वाक्य थोड्याफार फरकाने अनेक प्रस्तावांत असते: ‘द प्रोजेक्ट विल रिडाउंड इन ओव्हरऑल डेव्हलपमेंट ऑफ द सोसायटी.’ यातला ‘इन’ काढून ‘टू’ घातला तरी वाक्य सुधारत नाही, कारण रोग व्याकरणाचा नाही. प्रकल्प म्हणजे नेमके कोणते काम? सर्वांगीण विकास म्हणजे काय? समाज म्हणजे कोण? निधी देणाऱ्या कंपनीच्या टेबलावर अशी पन्नास वाक्ये पडलेली असतात. आधी मराठीत विचारा: आपल्या गावात मे महिन्यात टँकर येतो का? काम झाल्यावर यायचा थांबेल का? विहिरींना पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते आणि कोणत्या महिन्यापर्यंत टिकावे अशी अपेक्षा आहे? हंडे घेऊन लांब जाणाऱ्या बायकांचा वेळ वाचणार का? या प्रश्नांची उत्तरे साध्या इंग्रजीत, ‘विल’ आणि ‘शुड’ वापरून लिहा. आकडे आपल्या गावाचे, मोजलेले असू द्या. सगळे सांगून झाल्यावर शेवटी एकदा, फक्त एकदा, ‘रिडाउंड’ला जागा आहे: गावाने स्वतःहून केलेले श्रमदान कोणाच्या हिताचे ठरेल ते सांगायला.

महाविद्यालयाच्या अहवालात हाच नियम. ‘आउटकम’ हा शब्द आता प्रत्येक रकान्यात विचारला जातो, आणि बऱ्याच ठिकाणी उत्तरादाखल कार्यक्रमांची यादी येते. व्याख्याने झाली, शिबिर झाले, सहल झाली. हे झाले काम. त्याचे फलित वेगळे. बीजसंवर्धनाच्या शिबिरानंतर किती मुलांनी घरच्या शेतात देशी वाण लावले, हे फलित. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे काम सांगताना कोणी त्यांनी किती सभांना हजेरी लावली ते मोजत नाही. अनेक देशी वाणांचे बियाणे त्यांनी जपले, वाटले आणि ते इतरांच्या शेतात उगवले, हे सांगतो. शाळा न शिकलेल्या या बाईंच्या चिकाटीचे श्रेय कुठे जाते हे इंग्रजीत लिहायचे झाले, तर मी त्यांच्याबरोबर त्या डोंगरातल्या बियाणे सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांना ‘ऑफ’नंतर घेईन.

प्रवेशासाठी स्वतःविषयी लिहिताना मात्र हे क्रियापद स्वतःला लावू नका. ‘माय हार्ड वर्क रिडाउंडेड टू माय क्रेडिट’ हे व्याकरणाने ठीक असले तरी आपल्याच गळ्यात आपण हार घातल्यासारखे दिसते. ते दुसऱ्याविषयी बोलताना शोभते: शिक्षकांविषयी, आईविषयी, गावाविषयी. शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी ते विद्यार्थ्यासाठी जरूर वापरावे, पण कृतीचे नाव घेऊन.

तेव्हा पुढचा मसुदा हाती घ्याल त्या वेळी एक करा. ‘रिडाउंड’ जिथे लिहिले असेल तिथे पेन्सिलीने दोन खुणा करा, एक कृतीखाली आणि एक फळ घेणाऱ्याखाली. दोन्ही खुणांखाली तुमच्या गावातल्या कोणालाही ओळखता येईल असा शब्द असेल तर वाक्य ठेवा. एकीखालीही ‘प्रोजेक्ट’ किंवा ‘सोसायटी’ असा मोघम शब्द सापडला तर ते वाक्य खोडा, ‘लीड टू’ घेऊन साधे लिहा आणि ज्यांनी काम केले त्यांची नावे अहवालात घाला.